तांबड्याने न हाकललेली भुरी

आमचे भाऊजी शगदर, पाहुणा आला की आधी त्याच्या घोड्याचे खूर बघायचे आणि मग त्याचं तोंड. माणूस काहीही थापा मारेल, म्हणायचे, खूर खोटं बोलत नाहीत. कोणी तपकिरीची बाटली पुढे केली तर मानाने दोन्ही हातांनी घ्यायची, नाकाशी न्यायची, आणि न ओढताच परत द्यायची. वर पुन्हा, "झकास आहे हो." बाहेर जाताना आपल्या गेरच्या, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूच्या, दाराला ते दोरीची उलटी गाठ मारायचे, म्हणजे कोणी सोडून परत बांधली तर कळावं. आता ह्या खोऱ्यात दार बांधतं कोण? वाटसरूने आत यावं, चहा करून प्यावा, भांडं पालथं घालावं आणि पुढे जावं, ही आमची रीत. भाऊजींच्या दारावरून वाटसरू तहानलेला यायचा आणि माझ्याकडे चहा पिता पिता विचारायचा, "काकू, शेजारी सोनं पुरलंय का हो?"

सोनं कसलं! एक लोखंडी चूल, दोन रंगीत पेट्या आणि दुलमाचा फोटो. दुलमा म्हणजे माझी थोरली जाऊ, भाऊजींची बायको. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. माझा नवरा भाऊजींचा धाकटा भाऊ, तोही गेला. पण मी तळ सोडला नाही. दोघांच्या गेर शेजारी शेजारी आणि घोड्यांचा कळप एकच. तेव्हा भाऊजींबद्दल बोलायचा हक्क मला आहे, आणि तो मी पुरेपूर वापरते.

भाऊजींना एकच मूल, खांदजाव. तिशी ओलांडलेली, उंच, कामाला वाघीण. घोडीखाली एक गुडघा टेकून बसली की तिच्या बादलीत पडणारी धार माझ्या गेरपर्यंत ऐकू यायची. पण भाऊजी तिला कधी 'माझी पोर' म्हणाले नाहीत. म्हणायचे 'दुलमाची पोर'. "दुलमाच्या पोरीला सांग, शिंगरं सोड म्हणावं." तीच पोर चार हातांवर उभी असली तरी असंच. आमच्यात नावाआधी बापाचं नाव लागतं. आईचं नाव लागलं की लोक समजतात, बापाचा पत्ता नाही. तिला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी विचारलं, बापाचं नाव? समोर बाप उभा होता. बाप म्हणाला, "आईचं लावा." मास्तरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली, त्यांनी पुन्हा विचारलं. भाऊजी पुन्हा तेच म्हणाले.

झालं होतं असं. लग्नाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सहकारी संस्थेने भाऊजींना घोड्यांचा एक मोठा कळप घेऊन उत्तरेच्या सरहद्दीकडे पाठवलं. कत्तलखान्याकडे हाकत न्यायचा तो. तिकडे एका नदीत घोडा पाय घसरून पडला, भाऊजींची मांडी मोडली, आणि ते परमुलखातल्या दवाखान्यात अडकले. परत आले ते पुढच्या उन्हाळ्यात. दारात दुलमा उभी, कडेवर तीन महिन्यांचं मूल. महिने मोजले तर बरोबर बसत होते, मी स्वतः मोजलेत. थोडं उशिरा आलं होतं मूल, एवढंच, पहिलटकरणीचं येतं. पण भाऊजी निघाले त्याच सुमारास एक पशुवैद्य घोड्यांना लस टोचायला आमच्या तळावर मुक्कामाला आला होता. तरुण होता आणि गळा गोड होता. बस्स. भाऊजींच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. खांदजाव पुढे गायला लागली की ह्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं. अहो, तुमची आई काय कमी गात होती? पण ती आठवण सोयीची नव्हती ना.

दुलमाने काय काय नाही सांगितलं! आधी हसून सांगितलं, मग रडून, मग घरच्या चुलीवर हात ठेवून शपथ घेऊन. भाऊजी भांडले नाहीत कधी. मारणं तर दूरच. नुसते ऐकून घ्यायचे आणि घोडे बघायला निघून जायचे. मला तर वाटतं, भांडले असते तर बरं झालं असतं.

मग आली खांदजावची जावळं कापायची वेळ. आमच्याकडे मूल जन्मल्यापासून त्याच्या केसांना कात्री लागत नाही. मग एक दिवस सगळे जमतात, कात्रीला निळा रेशमी पट्टा बांधतात, आणि मूल एकेकापुढे जातं. ज्याने त्याने एक बट कापायची आणि मुलाला काहीतरी द्यायचं. बापाची बट मोठ्या मानाची, आणि बाप शिंगरू देतो. आयुष्यातला पहिला स्वतःचा घोडा. दोन वर्षांची खांदजाव लाल रेशमात गुंडाळलेली, हातात ती कात्री, दुडुदुडु आधी बापाकडेच गेली. भाऊजींनी उजवा हात मागे घेतला. म्हणाले, "माझा हात दुखतो. दुसऱ्याकडे जा."

माझ्या नवऱ्याने पुढे होऊन बट कापली आणि आपलं एक शिंगरू दिलं. भाऊजींचा हात बिलकूल दुखत नव्हता. त्याच दुपारी त्यांनी फासकाठीने तीन रांगडे घोडे धरले. दुलमाने पोरीच्या कानामागची एक बट मात्र कोणाला कापू दिली नाही. ती राहू दे, म्हणाली. पुढे ती बट इतर केसांत वाढून गेली आणि आम्ही सगळेच ती विसरलो, असं मला वाटत होतं.

आता हे सगळं मी घोड्यांच्या निमित्ताने का सांगतेय? कारण आमच्याकडे माणसाची गोष्ट घोड्यावाचून सांगताच येत नाही.

पलीकडच्या राखीव डोंगरात ताखी आहेत. ताखी म्हणजे रानघोडे. ठेंगणे, पिवळट, मानेवर ब्रशासारखी उभी आयाळ. माझ्या आजेसासऱ्यांनी ते पाहिले होते. मग थंडीने, बंदुकांनी आणि आमच्या गुराढोरांनी गवत संपवल्याने ते आमच्या देशातून पार संपले. मात्र फार पूर्वी परदेशी लोकांनी त्यांची काही शिंगरं धरून नेली होती. तिकडे पिंजऱ्यांत त्यांची वीण चालू राहिली, आणि खांदजाव शाळेत असताना त्या विणीतले काही लाकडी खोक्यांतून विमानाने परत आले. सगळं खोरं बघायला लोटलं होतं. म्हातारी माणसं दुधाचा शिडकावा करत रडत होती. खोक्याची फळी उघडली, आतला घोडा बाहेर आला, त्याने हुंगलं, आणि गवतात तोंड घातलं.

"बघा, घरी आला," मी म्हटलं.

"कशावरून?" भाऊजी म्हणाले. "जन्मला परदेशात, वाढला परदेशात, आला विमानातून. आणि म्हणे आपला."

"अहो, तोंडावरून कळतं की!"

"तोंडावरून मी कोणाला आपलं म्हणत नाही."

खांदजाव तिथेच होती, माझं बोट धरून. बरीच वर्षं गेली, ताखींची पिल्लावळ वाढली, डोंगर त्यांचा झाला. आमच्या घोड्यांनी तिकडे जायचं नाही आणि त्यांनी इकडे यायचं नाही असा नियम झाला. घोड्यांना मात्र तो कोणी वाचून दाखवला नाही.

त्यानंतरचा तो झुद. झुद म्हणजे मारणारा हिवाळा. बर्फ पडतो, थोडा वितळतो, पुन्हा गोठतो, आणि गवतावर काच बसते. घोड्यांनी खुरांनी ती काच फोडून फोडून खूर रक्ताळले, एकमेकांच्या शेपट्या खाल्ल्या. वसंतापर्यंत खोऱ्यातले अर्ध्याहून जास्त घोडे गेले. आमच्या कळपात उरला धनी, म्हणजे कळपाचा नर, आणि मूठभर घोड्या. धनी आमचा तांबडा. भाऊजींच्या आजोबांपासून चालत आलेल्या रक्तातला शेवटचा. खोऱ्यातले कितीतरी नर मेलेले, म्हणून ह्या रक्ताला सोन्याची किंमत आली होती.

त्या वसंतात पांढऱ्या कपाळाची आमची घोडी व्याली आणि मेली. शिंगरू जगलं. भुऱ्या रंगाचं, पाठीवर काळी रेघ, मानेवरचे केस ताठ. खांदजावने ते उचलून थेट गेरमध्ये आणलं. चुलीमागे झोपवलं, बाटलीला रबरी बोंडी लावून शेळीचं दूध पाजलं. भुरी शेळ्यांत वाढली. वर्षभर तिला वाटत होतं, आपण शेळीच आहोत. शेळ्यांसारखी दगडावर चढायची ती, आणि खांदजाव मुलीसारखी तिला ओरडायची. तीन वर्षांची व्हायच्या जरा आधी तिला कळपात सोडलं.

आणि मग ह्या वसंतात घोळ झाला.

कळपाचा धनी आपल्या पोरींना ठेवून घेत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पोर वयात आली की बापच तिला चावून, लाथा मारून हाकलून लावतो. जा दुसऱ्या कळपात. पोरगी रडते, परत येते, बाप पुन्हा हाकलतो. म्हणून तर आमचे घोडे असे काटक राहिले. जो धनी पोरीला हाकलत नाही, उलट घोडी म्हणून राखायला लागतो, त्याला आम्ही खच्ची करतो. मग तो वंशावर कलंक. ह्या वसंतात तांबड्याने भुरीच्याच वयाची एक काळी पोर अशी हाकलली की ती नदीपार आमच्या शेजाऱ्याच्या, पेरेनलेच्या, कळपात जाऊन थांबली. भुरीला मात्र त्याने दात लावला नाही. मान खाली घालून तिच्याभोवती घिरट्या घालू लागला.

खांदजावने त्याच दिवशी भुरीला धरून गेरजवळ बांधली.

"ती तांबड्याची नाही," भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात एक प्रकारचं समाधान होतं, शंका खरी ठरल्याचं. "ती कपाळी घोडी झुदाआधीच्या उन्हाळ्यात पळाली होती. कुठे सापडली? राखीव डोंगराच्या पायथ्याशी. रंग बघ. रेघ बघ. विमानवाल्यांचं बी आहे हे."

"पाठीवर रेघ आपल्याही कितीतरी घोड्यांना असते, बाबा," खांदजाव म्हणाली.

"तांबडा सांगतोय ना! आपली पोर धनी ओळखतोच. त्याने हाकललं नाही म्हणजे त्याची नाही. ह्याउपर पुरावा कसला?"

भाऊजींनी भुरीला घराण्याची डागणी लावायला नकार दिला. ज्याच्या मांडीवर डागणी नाही तो घोडा ना आपला ना परक्याचा. ती तशीच कोरी राहिली.

घोड्यांचं दूध काढायचा मोसम सुरू झाला, त्या दुधाचा ऐराग आंबायला लागला, आणि पेरेनले येऊन बसला. ह्या पेरेनलेच्या जिभेला हाड नाही. त्याच दिवशी तोग्मिदचीही बोलणी काढायची होती. तोग्मिद हा शेजारच्या तालुक्यातला ट्रकवाला, बायको गेलेला, सरळ माणूस. त्याने खांदजावला मागणी घातली होती, आणि तिलाही तो पसंत होता. भाऊजी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. कारण मला ठाऊक होतं. हो म्हटलं की लग्नात बापाच्या जागी उभं राहावं लागतं.

पेरेनलेने तिसरं वाडगं रिकामं केलं आणि मिशा पुसल्या. "शगदर, तुझा तांबडा पोरीला हाकलत नाही म्हणे?"

"त्याची नाही ती," भाऊजी म्हणाले.

"असं होय! म्हणजे हाकलत नाही ती आपली नाही." पेरेनले हसायला लागला. "अरे, मग तूसुद्धा तुझीला तिशी उलटली तरी हाकलली नाहीस की!"

गंमत म्हणून बोलला मेला. खांदजाव ऐराग घुसळत होती, तिचा हात थांबला नाही. भाऊजींनी वाडगं खाली ठेवलं आणि बाहेर गेले. मी पेरेनलेला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवसापासून भाऊजींचं खाणं तुटलं. समोर मांस ठेवलं तर सुरीने उलटसुलट करायचे. खांदजावकडे चोरून बघायचे, तिच्या कानांकडे, बोटांकडे, चालण्याकडे. विकायला आणलेल्या घोड्याकडे गिऱ्हाईक बघतं तसं. मला ते बघवत नव्हतं. तीस वर्षं हा माणूस एक संशय उराशी धरून गप्प जगला होता, आणि आता एका टवाळाच्या तोंडून तो बाहेर पडला होता.

एक दिवस राखीव डोंगरावरचा ताखींचा राखणदार ओचिर मोटारसायकलवरून आला. चांगला पोरगा. त्याला भुरीचं कळलं होतं. आपला ताखी नर डोंगर सोडून इकडे येतोय का, ही त्याची काळजी. भुरीचे आणि तांबड्याचे केस मुळासकट द्या, म्हणाला, शहरात पाठवतो, बाप कोण ते नक्की कळेल.

"आणि मग पोर तुमची म्हणून घेऊन जाल," भाऊजी म्हणाले.

"नाही काका. मिसळ झालेली आम्हाला डोंगरात चालतच नाही. ताखी आणि आपले घोडे फार दूरचे चुलत आहेत. रक्त मिसळलं तर ताखी पुन्हा संपतील, एवढंच."

"चुलत म्हणे. हे कोणी पाहिलंय?"

ओचिर हसला. "आजोबांचे आजोबाही नव्हते तेव्हा, काका."

आश्चर्य म्हणजे भाऊजी उठले आणि स्वतः तांबड्याच्या आयाळीतले केस उपटून घेऊन आले. भुरीचे खांदजावने दिले. ओचिर मोटारसायकलकडे निघाला, आणि भाऊजी त्याच्यामागे चालत शिंगरांच्या दावणीपाशी आले. मी तिथेच एका शिंगराला घोडीजवळून ओढून धरून उभी होते. त्यांनी मला पाहिलं की नाही कोण जाणे.

"हे..." भाऊजी घसा खाकरत म्हणाले, "हे माणसाच्या केसांवरूनपण कळतं का रे?"

"कळतं की. शहरात करतात. कोणाचे पाठवायचेत, काका?"

"कोणाचे नाही. असंच आपलं विचारलं."

ओचिर गेला. मी खाली पाहिलं. माझ्या घोडीच्या पोटाखाली, पलीकडच्या बाजूला, एक गुडघा टेकून खांदजाव बसली होती. बादली तिच्या मांडीवर होती, आणि धार थांबली होती.

त्या संध्याकाळी तिने जेवण वाढलं. भाऊजींपुढे मटणाचं ताट ठेवलं, मीठ घातलेला चहा ठेवला, आणि त्याशेजारी एक काड्यापेटी ठेवली.

"हे काय?" भाऊजींनी विचारलं.

"माझे केस. मुळासकट उपटलेत. तुमचे तुम्ही घाला आणि ओचिरला द्या."

मी ओरडले, "अगं, वेड लागलंय का तुला?"

"का, काकू? भुरीला बाप मिळू शकतो, तर मला का नको?"

भाऊजींनी काड्यापेटी उचलली. मला वाटलं चुलीत टाकतील. त्यांनी ती अंगरख्याच्या छातीत सरकवली आणि जेवायला लागले. त्यानंतर खांदजावने तोग्मिदला स्वतःच हो कळवून टाकलं. शरदात लग्न. बाप उभा राहिला तर राहिला, नाहीतर काकू आहे.

सगळा उन्हाळा ती काड्यापेटी त्यांच्या छातीशी होती. घोड्यावर चढताना, उतरताना हात तिथे जायचा. ओचिर मध्ये दोनदा येऊन गेला, चहा पिऊन गेला. दोन्ही वेळा मी भाऊजींच्या हाताकडे डोळे लावून बसले. हात छातीपर्यंत गेला आणि तपकिरीची बाटली घेऊन बाहेर आला. मला त्यांचा रागही येत होता आणि भीतीही वाटत होती. उत्तर काहीही आलं असतं तरी ती पोर त्या घरातून गेलीच असती, हे त्यांना कळत कसं नव्हतं?

गवत पिवळं पडलं आणि ओचिर निकाल घेऊन आला. आम्ही सगळे दावणीपाशीच होतो. भुरी बांधलेली, तांबडा लांब टेकडीवर.

"तांबड्याचीच आहे, काका," ओचिर म्हणाला. "शंभर टक्के. ताखीचा थेंब नाही."

"खोटं आहे," भाऊजी म्हणाले. "मग त्याने हाकलली का नाही? धनी आपलं रक्त ओळखतो."

"रक्त नाही ओळखत हो. डोळ्यांसमोर वाढलेलं ओळखतो. आईच्या कुशीत त्याच्याच कळपात वाढलेली, ती आपली पोर, एवढंच त्याला कळतं. ही तर चुलीमागे वाढली. त्याने तिला लहान असताना पाहिलीच नाही. मोठी झाल्यावर एकदम समोर आली, त्याला वाटली कोणी परकी." ओचिरने टेकडीकडे पाहिलं. "त्याला खच्ची करू नका. त्याची काही चूक नाही ह्यात."

भाऊजी भुरीकडे बघत राहिले. मग पहिल्यांदाच, मान वर करून, सरळ खांदजावकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"खरंच त्याची चूक नाही," खांदजाव म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "जनावर ते. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला आई सांगत होती."

ती बादली घेऊन गेली. ओचिर बिचारा भांबावला, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. भाऊजी दावणीच्या दोरापाशी बसले. मी त्यांच्या जवळ गेले नाही. बसू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घराण्याची डागणी चुलीत तापत ठेवली. पेरेनलेला बोलावून घेतलं भुरीला धरायला, आणि तो काही बरळायच्या आत म्हणाले, "तोंड बंद ठेव आणि कान धर तिचा." डागणी लावली. कातडं जळाल्याचा वास आला, भुरी उसळली, आणि मांडीवर आमच्या घराण्याची खूण उमटली. मग तांबडा करत नव्हता ते काम त्यांनी स्वतः केलं. फासकाठी घेऊन, घोड्यावरून, भुरीला तांबड्याच्या कुरणाबाहेर हाकत नेली आणि परत आणून माझ्या गेरमागे बांधली. खांदजाव बघत होती. दोघांत एक शब्द झाला नाही. लग्नापर्यंत तो झालाच नाही.

लग्नाच्या सकाळी तोग्मिद ट्रक घेऊन आला. भाऊजींनी बाहेर जाऊन ट्रकची चारही चाकं निरखून पाहिली. सवय जाते थोडीच. आत मी खांदजावचे केस विंचरत होते. नवरीचा भांग आईने पाडायचा असतो, आई नाही म्हणून मी. तेवढ्यात दारातून भाऊजी आले. अंगात नवा अंगरखा आणि हातात मेंढ्या कातरायची कात्री. कात्रीला निळा रेशमी पट्टा बांधलेला.

मला आधी कळेना हे काय चाललंय. मग त्यांनी छातीतून ती काड्यापेटी काढली. त्यांनीच कधीतरी ती कडेने मेणाने बंद केलेली होती; उघडली गेलीच नव्हती. पट्ट्याचं दुसरं टोक उलगडून त्यात ती ठेवली.

"कानामागची," ते म्हणाले. "तुझ्या आईने ठेवली होती ती."

म्हणजे ते विसरले नव्हते. मीच मूर्ख.

खांदजावने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"हात बरा झाला का, बाबा?" तिने विचारलं.

"झाला," भाऊजी म्हणाले.

तिने मान वाकवली आणि कानामागचे केस बोटाने बाजूला केले. भाऊजींनी एक बट कापली, काड्यापेटीसोबत रेशमात गुंडाळली, आणि मग रीतीप्रमाणे भेट बोलून दाखवायची म्हणून ताठ उभे राहिले.

"भुरी," ते म्हणाले. "माझ्या पोरीला."

खांदजाव किती तरी वेळ वाकलेलीच राहिली. मला तिचा भांग पुन्हा पहिल्यापासून पाडावा लागला.